सरांचे दोरे बरोबर होते

आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षाबाहेर चपला काढाव्या लागत. आत देव नव्हता, सर होते. चपलांबरोबर आलेली धूळ मशीनच्या पंख्यात जाते, एवढंच कारण. पण सर ते कुणाला सांगत नसत. कुणी पादत्राणं घालून आत आलं तर ते रागवत नसत. खुर्चीवरून उठून बाहेर जात आणि तो माणूस बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राहत. प्राचार्यांच्या बाबतीतही हेच. शेवटी प्राचार्यांनीच बिननाडीचे बूट घेतले.

संस्थेच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी आलेल्या एका लेखात या सरांबद्दल चार ओळी आहेत. दोरेवाल्या सरांच्या वेडापायी एकदा परीक्षा कशी बुडाली, अशी ती गंमत. जुना कर्मचारी म्हणून लेख तपासायला माझ्याकडे आला. लिहिणाऱ्याचा दोष नाही, सगळे असंच सांगतात. पण ते खरं नाही, आणि खरं काय ते मला माहीत आहे. म्हणून त्या चार ओळींच्या जागी हे छापावं, अशी संपादकांना विनंती केली आहे.

मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण संस्थेनं कार्यालय सांभाळायला ठेवून घेतलं होतं. शहरातल्या औरंगपुऱ्याच्या गर्दीतली आमची इमारत; खाली स्टेशनरीची आणि झेरॉक्सची दुकानं, वर आम्ही. सर सगळ्यात वरच्या मजल्यावर. इतर माणसं खिशाला पेन लावतात, सरांच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर असे. रोज हजेरीपटावर सही करायला ते माझं पेन मागत आणि रोज ते घेऊन वर जात. दुपारी शिपाई ते परत आणून देई. मी एकदा त्यांना नवं पेन भेट दिलं. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा हात पुढं करून उभे.

"अहो, कालच दिलं की!"

"ते चांगलं हाय साहेब, घरी ठिवलंय," सर म्हणाले.

मूळचे ते लासूर स्टेशनचे. घरची शेती भावाकडं. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं, एम.एस्सी. झाल्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता. मशीन बिघडलं असं ते कधी म्हणत नसत. "रुसलंय," म्हणत. आणि कुणी "सर, हे सॉफ्टवेअर फुकट आहे ना?" असं विचारलं की त्यांना खरोखर वाईट वाटे. "फुकट नाय रे, मोकळं हाय," ते समजावत. "फुकटचं उद्या बंद बी होईल. मोकळं कोण बंद करतंय?"

हे ते लिनक्सबद्दल बोलत. माझ्यासारख्यांसाठी सांगतो : लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं मिळून ती घडवतात, आणि ज्याला हवं तो ती आपल्या पद्धतीनं बांधून लोकांना देऊ शकतो. अशी बांधलेली एक आवृत्ती सरांनी आमच्या सगळ्या मशीनवर घातली होती. ती कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. मग एक दिवस, जिच्या आधारावर ती उभी होती त्या कंपनीनंच जाहीर केलं की यापुढं ही आवृत्ती आम्ही चालवणार नाही.

"मोकळं कोण बंद करतंय?" असं मी सरांना मुद्दाम ऐकवलं. तेव्हा ते हसले. "बंद नाय साहेब, वाटणी व्हायलीय. थांबा जरा."

आणि तसंच झालं. जुन्या आवृत्तीच्या जागी स्वयंसेवकांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी दोन नव्या आवृत्त्या काढल्या. दोन्ही म्हणत, जुन्या घराचे वारस आम्ही. दिसायला दोन्ही इतक्या सारख्या की पडद्यावरचं चित्र बदललं तर कुठली कुठली ते मला मेलो तरी सांगता आलं नसतं.

महाविद्यालयात मात्र दोन तट पडले. संगणक विभागातल्या दोन तरुण प्राध्यापकांनी एकेक आवृत्ती धरली आणि दुसऱ्याच्या आवृत्तीला नकली म्हणायला सुरुवात केली. ते एकवेळ चाललं असतं. पण मराठीच्या आणि भूगोलाच्या माणसांनीही बाजू घेतल्या. ज्यांना संगणक चालू कुठून करायचा हे शिपायाला विचारावं लागे, ते डब्याच्या सुट्टीत तावातावानं सांगू लागले की खरी कोणती. मुलांनी घरी एक आणि महाविद्यालयात दुसरीच पाहिल्यावर पालक येऊ लागले. वाळूजच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ खास रजा टाकून आले होते.

"सर, आमच्या पोरानं घरी दुसरंच टाकलंय म्हणं. परीक्षेत चालंल ना? का साल वाया?"

सरांनी त्यांना बसवलं. "तुमच्या घरी सुना किती?"

"दोन हायत."

"पीठ एकाच डब्यातलं?"

"व्हय."

"मग भाकरी कुणी बी थापली तर तुम्ही उपाशी राहता का?"

गृहस्थ विचारात पडले. "नाय. पर धाकटीची जरा जाड ऱ्हाती."

"बास! तेवढाच फरक," सर म्हणाले आणि स्वतःच्या गमतीवर इतके खूश झाले की त्यांना खाली चहाला घेऊन गेले.

प्राचार्यांना हे उदाहरण पुरलं नाही. त्यांनी बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं रास्त होतं : संस्थेनं कोणती आवृत्ती स्वीकारली याचा ठराव करायचा, वाद मिटवायचा. ठराव लिहून घ्यायला मी बसलो होतो.

"सर, एक नाव सांगा."

"दोन लिवा."

"ठरावात दोन नावं कशी घालणार?"

"दोघांतलं कोण टिकंल ते आज कुणालाच ठावं नाय. निम्मी मशीनं हिकडं, निम्मी तिकडं. एक घर बसलं तर दुसऱ्यात राहू."

"आणि मुलांचा गोंधळ?"

"मुलांचा नाय व्हायला. प्राध्यापकांचा व्हायलाय."

बैठक तिथंच संपली. ठराव झाला नाही, आणि सरांनी केलं ते त्यांच्या मनासारखंच. दोन आवृत्त्यांच्या दोन रांगा मात्र त्यांनी केल्या नाहीत. एकाच घरची माणसं ओळीनं बसली की कुजबूज करतात, म्हणून मिसळून बसवायची, असा त्यांचा हिशेब. एकीत डोकं घालून बसलेल्या पोरानं शेजारी डोकावलं की एका बाजूला तरी त्याला दुसरी दिसली पाहिजे. त्यामुळं कोणत्या टेबलावर काय आहे याला काही क्रम नव्हता. खूण म्हणून त्यांनी प्रत्येक मशीनच्या डब्याला मागून एक दोरा बांधला. त्यांच्या पत्नी घरी साड्यांना पिको-फॉल करत. त्यांच्याकडची उरलेली रिळं. एका आवृत्तीला जांभळा दोरा, दुसरीला पिवळा.

"हेच रंग का?" असं त्यांना कुणी तरी विचारलं होतं म्हणे.

"ह्या गावात भगवा, हिरवा, निळा सोडून काय उरतंय ते बघा," सर म्हणाले होते.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त दोरे दिसले. आणि मी कुणालाच काही विचारलं नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. आमचं खेडं सोयगावच्या बाजूचं. माझ्या थोरल्या बहिणीला ताप आला तेव्हा घरच्यांनी तिच्या मनगटाला मंतरलेला दोरा बांधला आणि उतरेल, उतरेल म्हणत वाट पाहिली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. पुढं नोकरी लागल्यावर मी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन गंडेदोऱ्यांविरुद्ध बोलत असे. पुरावा मागा, प्रश्न विचारा, असं हजारदा सांगितलं असेल. त्या माणसाच्या महाविद्यालयात, तेही संगणकांना दोरे! सरांचा चपला काढायचा नेम आधीच माझ्या डोक्यात होता. मी ठरवून टाकलं की माणूस शिकलेला असून अंधश्रद्धाळू आहे.

तपासणी समिती येणार होती. सर भाचीच्या लग्नाला लासूरला गेले होते. मी शिपायाला घेऊन वर गेलो आणि सगळे दोरे कापायला लावले. शिपाई जुना माणूस, माझ्याच वयाचा. त्यानं मुकाट्यानं कापले. समिती आली, बघून गेली, कक्षाची टापटीप पाहून खूश झाली. ती गेल्यावर चहाचे कप गोळा करता करता शिपाई म्हणाला,

"साहेब, वो दोरे सर की निशानी थे. जांभळा मतलब एक, पिवळा मतलब दूसरा. अब सर कू कैसा समझेगा?"

"मग आधी का नाही बोललास?"

"आप ने पूछेच नै. और आप इत्ते गुस्से में थे, मैं क्या बोलता?"

पुढची गोष्ट सोपी होती : सर आले की सांगायचं, चूक झाली, दोरे मी कापले. प्रत्येक मशीनमध्ये डोकावून खुणा पुन्हा बांधायला त्यांना एक दुपार लागली असती. पण पुरावा मागा म्हणत फिरणारा मी, न विचारता कापून मोकळा झालो होतो. ते सरांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी कचऱ्यातून दोरे काढायला लावले.

"बांध परत. तुला आठवतं ना कुठं कोणता होता?"

"थोडा थोडा. खिडकी का पिवळा था... के जांभळा? पक्का नै बोल सकता, साहेब."

"बांध जमेल तसं," मी म्हणालो.

सर आले. दिसायला दोरे जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून त्यांनी दुपारी सगळ्या मशीनना नवं अपडेट घातलं. आमचं इंटरनेट भरवशाचं नव्हतं. दोन पेनड्राइव्ह होते, जांभळ्यांचा एक, पिवळ्यांचा एक. दोरा बघायचा, पेनड्राइव्ह लावायचा, पुढं जायचं. दोन्ही आवृत्त्या इतक्या सारख्या की एकीचं सामान दुसरीत कुरकुर न करता आत गेलं. सकाळी मशीन सुरू करायला गेलं तेव्हा ती उठेनात. सगळी नाही, जिथं दोरा चुकला होता तेवढीच. पण ती पुष्कळ होती.

मुलं जिन्यावर, पालक रस्त्यावर. रिक्षांचे भोंगे, शिव्या, आणि कक्षात सर एकेका मशीनपुढं गुडघ्यावर बसलेले. परीक्षा पुढं ढकलली गेली. सर एका मशीनपुढून उठले, त्याचा दोरा हातात धरला आणि निरखून पाहिला. प्राचार्य दारात होते, मी त्यांच्या मागं.

"ह्याला पिवळा बांधलाय," सर हळूच म्हणाले. "हे जांभळ्याचं हाय. मीच बांधलाय पिवळा."

"म्हणजे चूक तुमची?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझीच म्हणायची. दोरे मी बांधले."

मी तिथं उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. सरांची लासूर स्टेशनच्या आमच्या छोट्या शाखेत बदली झाली, त्या आदेशाचा मसुदाही माझाच. निरोपाला चहा ठेवला होता. सरांनी जाताना माझं पेन परत केलं. त्या आधी त्यांनी ते स्वतःहून कधीच परत केलं नव्हतं.

आम्ही पुन्हा भेटलो नाही. त्यांच्याबद्दल कानावर यायचं ते चांगलंच. तिथं मुलं त्यांच्यावर जीव टाकतात, शाखेची जुनी मशीनं त्यांनी जिवंत केली, वगैरे. मीही स्वतःला समजावलं की माणूस आपल्या गावी गेला, एका अर्थी भलंच झालं. स्मरणिकेतल्या त्या चार ओळी वाचल्या आणि हे समजावणं संपलं. छापण्याआधी त्यांना सांगायला हवं होतं. गेल्या महिन्यात सकाळच्या गाडीनं लासूरला गेलो.

घर शोधावं लागलं नाही. "संगणकवाले सर" म्हटल्यावर कांद्याच्या मार्केटमधल्या हमालानं घराच्या दारापर्यंत आणून सोडलं. दारात चपला काढून आत गेलो. सर थकले होते, पण चेहरा तोच. मला बघून इतके आनंदले की मला मान वर करवेना. वहिनींनी पोह्यांची ताटली ठेवली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मी विचारलं, "अजून मशीनवर दोन्ही घरं चालवता ना?"

"नाय साहेब. आता एकच ठिवलंय. दोन सांभाळायची ताकद नाय राहिली."

"का? प्रकृती?"

ते वहिनींकडं बघून हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"ह्यांच्या वडलांना शेवटी काहीच आठवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोराला पाव्हणा समजायचे. त्या परीक्षेच्या टायमाला ह्यांच्याकडनं ते दोऱ्याचं झालं ना, तवापासनं ह्यांनी धसका घेतलाय. त्याच रोगाची सुरवात म्हणत्यात. डॉक्टर म्हणतो काय नाय, पर ऐकतंय कोण? गाडी चालवायची सोडली. खिशात घरच्या पत्त्याची चिठ्ठी घेऊन हिंडत्यात, ह्या एवढ्याशा गावात!"

"आपलं असू द्यावं," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "साहेब, मला पक्कं आठवायचं की ते मशीन जांभळ्याचं हाय. पक्कं. अन् हातात तर पिवळा दोरा. मग डोक्यावर विश्वास कसा ठिवायचा तुम्हीच सांगा."

माझ्यामुळं त्यांची बदली झाली, एवढंच ओझं घेऊन मी गेलो होतो. हे मला माहीतच नव्हतं. पोहे तसेच ठेवून मी सगळं सांगितलं. समिती, कात्री, कचरा, शिपायाचं "पक्का नै बोल सकता". सांगताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याचीच मला लाज वाटली.

सरांनी डोळे मिटले आणि बोटानं हवेत टेबलं दाखवत बोलू लागले.

"खिडकीजवळ जांभळं. त्याच्या शेजारी दोन पिवळी. मग खांब. खांबामागं जांभळं, त्याचा पंखा वाजायचा. मग पिवळं, मग दोन जांभळी. दाराकडनं पिवळं..."

ते थांबले नाहीत. दोन्ही रांगा संपेपर्यंत एकदाही अडखळले नाहीत. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "खिडकीच्याला परत बांधताना पिवळा बांधला तुम्ही?"

"हो. शिपायाला खात्री नव्हती. मीच म्हणालो, बांध."

"तेच! तेच बंद पडलं सगळ्यात आधी!" ते उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील, आणि ते योग्यच झालं असतं. "साहेब, तुम्ही... इतकी वर्षं..." शब्द सापडेनात म्हणून ते स्वयंपाकघराकडं वळले. वहिनी तर दारातच उभ्या होत्या, तरी ते ओरडून म्हणाले, "अगं ऐकलंस का! मी नव्हतो चुकलो! जांभळंच होतं ते!"

"ऐकलं, ऐकलं," वहिनी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. जाता जाता माझ्याकडं त्यांनी जसं पाहिलं, ते मी इथं लिहू शकणार नाही.

मी हात जोडले. सरांनी त्या हातांकडं लक्षच दिलं नाही. स्मरणिकेत खरं लिहिण्याची परवानगी मागितली, तेव्हा म्हणाले, "लिवा. पर शिपायाचं नाव घालू नका. त्यो बिचारा खरं बोलला होता, पक्कं म्हाईत नाय म्हणून." माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. रिक्षा बघतो म्हणून मी उठलो.

"रिक्षा कशाला? चला," सर म्हणाले. शेडमधून त्यांनी मोटारसायकल बाहेर काढली. पुतण्या वापरत असावा, टायर ठीक होते. वहिनी बाहेर आल्या, काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त सरांच्या खिशातली चिठ्ठी काढून घेतली आणि आत गेल्या.

स्टेशन तिथून सरळ रस्त्यावर आहे. सरांनी गाडी उलट्या बाजूला वळवली.

"हे पाटलांचं. थोरला पुण्यात असतो, सून आमच्याच शाळंत होती. हे किराणावाल्याचं, ह्याचा बाप अन् माझा बाप एकाच बैलगाडीतनं मार्केटला जायचे. ही पिठाची गिरणी, आधी इथं लाकडाची वखार होती..."

मागं बसून मी हो हो म्हणत होतो. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, प्रत्येक दाराशी हळू होत, कोण कुणाचा, कुणाची पोर कुठं दिली, कुणाच्या विहिरीला पाणी कधी लागलं. ओळखीची माणसं थांबून बघत होती. "सर, गाडी?" कुणी तरी ओरडलं. "गाडीच!" सर म्हणाले.

दूरवरून इंजिनाचा भोंगा ऐकू आला. मी घड्याळाकडं पाहिलं नाही. पुढची गाडी संध्याकाळी होती, आणि अजून बाजारामागचं अर्धं गाव राहिलं होतं.